ब्रिटनमध्ये पेट्रोल कुठे भरावं? सुपरमार्केटच्या पंपांचा सगळा हिशोब

भारतातून ब्रिटनला आलेल्या माणसाला पेट्रोलचे भाव ताडून बघायची सवय नसते. आपल्याकडे एका शहरात इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचे दर थोड्या पैशांनीच पुढेमागे असतात. जून 2017 पासून ते रोज बदलू शकतात, पण बदलले तरी तिघांचेही जवळपास सारखेच. खरा फरक पडतो तो राज्याच्या करामुळे, म्हणून तर सिंधुदुर्गातून गोव्याला निघालेली मंडळी पत्रादेवी ओलांडल्याशिवाय टाकी भरत नाहीत. ब्रिटनमध्ये याच्या उलट आहे. कर जवळजवळ सगळीकडे एकच, पण एकाच गावातल्या दोन पंपांवर लिटरमागे पाच-सात पेन्सचा फरक सहज दिसतो, आणि मोटरवेवर, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गावर, गेलात तर वीस पेन्सच्याही वर.

नवीन माणसाला इथले जुने लोक एकच सल्ला देतात: सुपरमार्केटला भर. सल्ला वाईट नाही, पण आता तो अपुरा आहे. सुपरमार्केटची पाटी दिसली म्हणजे भाव स्वस्त, असं आज डोळे मिटून म्हणता येत नाही. पाहायचं ते तुमच्या रोजच्या वाटेवर कोणाचा भाव किती आहे हे. ते कसं पाहायचं, किती वळसा घालणं परवडतं आणि पंपावर गेल्यावर काय सांभाळायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी भाव समजून घ्या

इथे भाव पेन्समध्ये, लिटरला लिहिलेला असतो. रस्त्याकडेच्या उंच फलकावर 135.9 दिसलं की एक पौंड पस्तीस पेन्स आणि वर नऊ दशांश. तो शेवटचा 9 जवळजवळ सगळीकडे असतो, त्यामुळे वाचताना सरळ पुढचा आकडा धरा: 135.9 म्हणजे 136.

यात सरकारचा वाटा मोठा आहे. इंधनावरची ड्युटी 2011 पासून 57.95 पेन्सवर थांबलेली होती. मार्च 2022 मध्ये ती पाच पेन्सने उतरवून 52.95 केली गेली. त्यावर 20 टक्के व्हॅट, आणि तो ड्युटीसकट सगळ्या रकमेवर. या दराने 135.9 पेन्सच्या लिटरमध्ये व्हॅट साधारण 22.7 आणि ड्युटी 52.95, म्हणजे 75 पेन्सहून जास्त सरकारजमा. उरलेल्या साठेक पेन्समध्ये तेलाची घाऊक किंमत, टँकरची वाहतूक आणि पंपवाल्याचा खर्च-नफा. एका पंपाने दुसऱ्यापेक्षा भाव कमी करायचा म्हटलं तर जागा एवढीच. म्हणून दोन पंपांत दहा-पंधरा पेन्सची तफावत दिसली, तर त्याचा अर्थ महाग पंपाला आजूबाजूला स्पर्धाच नाही असा घ्यावा.

सुपरमार्केटवाले स्वस्त का देऊ शकतात?

कारण त्यांचा खप प्रचंड आहे. देशात आठ हजारांहून अधिक पंप आहेत. सुपरमार्केटचे पंप त्यात संख्येने थोडे, पण विक्रीत मोठा वाटा त्यांचा. शिवाय पेट्रोलला आलेला माणूस दूध-ब्रेड घेऊनच परत जाईल, हा त्यांचा जुना हिशोब. टेस्को, सेन्सबरीज, अ‍ॅस्डा आणि मॉरिसन्स हे चार मोठे. आल्डी आणि लिडल यांचे इथे पंप नाहीत, त्यामुळे तुमचं वाणसामान तिथलं असेल तर पेट्रोलचा विचार वेगळा करावा लागतो.

बरीच वर्षं अ‍ॅस्डा भाव उतरवण्यात पुढे असे आणि बाकीचे तिघे तिच्या मागे जात. मग चित्र बदललं. 2021 मध्ये अ‍ॅस्डा वॉलमार्टकडून इसा बंधू हे पंपमालक आणि टीडीआर कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी यांच्याकडे गेली. स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सीएमए या सरकारी संस्थेने जुलै 2023 मध्ये इंधनबाजाराचा मोठा अहवाल काढला. 2019 ते 2022 या काळात सुपरमार्केटांचा इंधनावरचा नफा लिटरमागे सरासरी सहा पेन्सने वाढला, आणि एकट्या 2022 मध्ये त्यांच्या ग्राहकांनी सुमारे 90 कोटी पौंड जास्तीचे मोजले, असं त्यात निघालं. अ‍ॅस्डाने 2023 साठी ठरवलेलं नफ्याचं लक्ष्य 2019 च्या तिपटीहून जास्त होतं. चौकशीत मागितलेली माहिती नीट दिली नाही म्हणून तिला 60 हजार पौंड दंडही झाला.

मॉरिसन्सचीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. 2024 मध्ये त्यांनी आपले 337 पंप मोटर फ्युएल ग्रुपला विकले. दुकान मॉरिसन्सचं, पंपावर नावही तेच, पण पंप चालवणारी कंपनी वेगळी.

एवढं सविस्तर सांगायचं कारण, "मी नेहमी अमक्याकडेच भरतो" ही निष्ठा इथे कामाची नाही. दहा वर्षांपूर्वी जो स्वस्त होता तो आज असेलच असं नाही. आणि एकाच कंपनीचे दोन पंप, एक स्पर्धा असलेल्या भागात आणि एक नसलेल्या, वेगवेगळा भाव लावतात. ज्या गावात चौघांपैकी दोघं-तिघं समोरासमोर आहेत, तिथे आसपासचे शेल, बीपी, एसो या तेल कंपन्यांचे पंपसुद्धा भाव खाली ठेवतात. काही ठिकाणी तर एखादा छोटा स्वतंत्र पंप सुपरमार्केटच्या बरोबरीने विकतो.

दर्जाची शंका बहुतेकांच्या मनात असते, ती काढून टाका. सगळ्यांना पेट्रोलसाठी बीएस ईएन 228 आणि डिझेलसाठी बीएस ईएन 590 हे मानक पाळावंच लागतं, आणि बरेचदा वेगवेगळ्या नावांचे टँकर एकाच डेपोतून भरून निघतात. मोठ्या तेल कंपन्या वर आपापली इंजिन स्वच्छ ठेवणारी मिश्रणं घालतात, एवढा फरक. रोजच्या साध्या गाडीला सुपरमार्केटचं पेट्रोल निर्धास्त भरावं.

आपल्या वाटेवरचे पंप उतरवून काढा

एका संध्याकाळी बसा आणि तुम्ही नेहमी जाता ते रस्ते डोळ्यांसमोर आणा: घर ते ऑफिस, मुलांची शाळा, आठवड्याचा बाजार, मंदिर किंवा मंडळाचा हॉल. या रस्त्यांवर किंवा त्यांच्या मैलभर आत कोणते पंप आहेत, ते फोनमध्ये लिहून ठेवा. बहुतेकांचे चार ते सहा निघतात. बाकी देशातले पंप तुमच्या कामाचे नाहीत.

मग भाव बघा. सीएमएच्या अहवालानंतर मोठ्या कंपन्या स्वखुशीने भाव जाहीर करू लागल्या, आणि 2026 च्या सुरुवातीपासून फ्युएल फाइंडर नावाची कायद्याने बांधलेली योजना आली. भाव बदलला की पंपवाल्याने तो अर्ध्या तासाच्या आत कळवायचा. ही माहिती खुली असल्यामुळे अ‍ॅप आणि नकाशे ती वापरू शकतात. पेट्रोलप्रायसेस हे अ‍ॅप बरेच लोक वापरतात, बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणाऱ्या आरएसीच्या अ‍ॅपमध्येही सोय आहे. एक अ‍ॅप निवडा आणि त्यात आपल्या गाडीचं इंधन आधीच ठरवून ठेवा, नाहीतर डिझेलचा भाव बघून पेट्रोलला जायचात. उत्तर आयर्लंडमध्ये राहत असाल तर तिथल्या कन्झ्युमर काउन्सिलचा वेगळा भावफलकही आहे.

भाव बरा की वाईट हे ठरवायला एक मापही हवं. सरकार दर मंगळवारी देशभरच्या पेट्रोल-डिझेलची सरासरी प्रसिद्ध करतं. तुमच्या वाटेवरचा सगळ्यात स्वस्त पंप या सरासरीच्या खाली असेल तर निश्चिंत राहा. सतत वर असेल, तर तुमच्या भागात स्पर्धा कमी आहे, आणि जिथे तुम्ही कामानिमित्त जाता त्या दुसऱ्या गावात टाकी भरायची सवय लावा.

रोज भाव बघत बसायची गरज नाही. घाऊक बाजारातला बदल पंपावर पोचायला साधारण दोन आठवडे लागतात. भाव चढताना लगेच चढतो, उतरताना रेंगाळतो. 2023 च्या पहिल्या काही महिन्यांत डिझेलबाबत नेमकं हेच झालं आणि सीएमएने ते नोंदवलं. तेव्हा घाऊक किंमत उतरत असल्याच्या बातम्या असतील तर एकदम फुल्ल टाकी न भरता अर्धी भरणं शहाणपणाचं.

वळसा परवडतो का?

बचतीचा खरा निकाल इथे लागतो आणि बहुतेक लोक इथेच हिशोब सोडून देतात.

इथे गाडीचं अ‍ॅव्हरेज मैल प्रति गॅलन, म्हणजे एमपीजीमध्ये सांगतात. हा गॅलन ब्रिटिश, 4.546 लिटरचा. एमपीजीला 0.354 ने गुणलं की आपलं ओळखीचं किलोमीटर प्रति लिटर मिळतं. 40 एमपीजीची गाडी म्हणजे लिटरला साधारण 14 किलोमीटर.

आता एक मैल कितीला पडतो? 4.546 गुणिले भाव, भागिले एमपीजी. 135.9 च्या भावाने 40 एमपीजीच्या गाडीला मैलामागे 15.4 पेन्स लागतात. समजा घराजवळचा पंप 139.9 ला आहे आणि पाच मैलांवरचं सुपरमार्केट 135.9 ला. फरक चार पेन्सचा. 40 लिटर भरलंत तर वाचले 1 पौंड 60 पेन्स. जाऊन-येऊन दहा मैलांना खर्च झाले 1 पौंड 54 पेन्स. पदरात पडले सहा पेन्स, आणि रविवारची अर्धा तास ट्रॅफिक. हाच पंप ऑफिसच्या वाटेवर असता तर पूर्ण दीड पौंडाहून जास्त तुमचे होते.

लक्षात ठेवायला सोपं असं धरा: 40 लिटरवर लिटरमागे एका पेन्सचा फरक म्हणजे 40 पेन्स, आणि तेवढ्यात गाडी साधारण अडीच मैल चालते. चार पेन्सच्या फरकाला दहा मैलांवर बचत संपते. मी स्वतः त्या मर्यादेच्या निम्म्यापर्यंतच जावं असं म्हणेन, म्हणजे चार पेन्सला जाऊन-येऊन पाच मैल, कारण वेळ आणि टायरची झीज हिशोबात धरलेलीच नाही. 20 लिटरच भरणार असाल तर ही मर्यादा आणखी अर्धी करा.

वर्षाचं चित्रही डोळ्यांसमोर असू द्या. वर्षाला 8,000 मैल चालणारी 40 एमपीजीची गाडी 909 लिटर पिते. प्रत्येक लिटरला चार पेन्स वाचले तर वर्षाला सुमारे 36 पौंड. नवीन संसाराला 36 पौंड कमी नाहीत, पण त्यासाठी दर शनिवार घालवावा एवढेही नाहीत. ज्यांच्या घरी दोन गाड्या आहेत किंवा जे रोज पन्नास-साठ मैल कामाला जातात, त्यांनी मात्र हे काटेकोर करावं, त्यांच्या बाबतीत आकडा झपाट्याने वाढतो.

पंपावर पहिल्यांदा जाताना

इथे पेट्रोल आपणच भरायचं असतं. "झिरो बघा साहेब" म्हणणारा कोणी नाही.

आत शिरण्याआधी डॅशबोर्डवरच्या पेट्रोल पंपाच्या चिन्हाशेजारी छोटा बाण बघा. टाकीचं झाकण कोणत्या बाजूला आहे ते तो दाखवतो. रांगेत उभं राहण्याआधी हे कळलं की पाइप गाडीवरून ओढत बसावा लागत नाही.

नोझल उचलताना रंग आणि अक्षरं दोन्ही बघा. हिरवं पेट्रोल, काळं डिझेल. साध्या पेट्रोलवर ई10 लिहिलेलं असतं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ब्रिटनमध्ये हे सप्टेंबर 2021 पासून रोजचं पेट्रोल झालं, उत्तर आयर्लंडमध्ये नोव्हेंबर 2022 पासून. भारतात ई20 वरून झालेला वाद ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी इथे घाबरू नये: 2011 नंतर नवी विकली गेलेली गाडी ई10 वर चालते. त्याआधीची जुनी गाडी घेतली असेल तर सरकारी संकेतस्थळावर मॉडेल तपासा. शेजारी ई5 नावाचं महाग सुपर पेट्रोल असतं. टेस्कोत ते मोमेंटम99 नावाने मिळतं. गाडीच्या पुस्तिकेत मागितलं नसेल तर त्यावर पैसे घालू नका, सुपरमार्केट शोधून वाचवलेले सगळे पैसे त्या एका नोझलमध्ये जातात.

डिझेलचं नोझल रुंद असतं, ते पेट्रोलच्या गाडीत सहसा जात नाही. पण पेट्रोलचं बारीक नोझल डिझेलच्या गाडीत आरामात जातं, त्यामुळे सेकंडहँड डिझेल गाडी घेतलेल्यांनी जास्त जपावं. चुकीचं भरलं गेलंच तर गाडी सुरू करू नका, चावीसुद्धा फिरवू नका. दुकानात सांगा, गाडी ढकलून बाजूला घ्या आणि ब्रेकडाउनवाल्याला बोलवा. टाकी रिकामी करायला येणारा खर्च इंजिनच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

पंपाच्या पडद्यावर तीन आकडे असतात: रक्कम, लिटर आणि लिटरचा भाव. भाव बाहेरच्या फलकाशी जुळतोय ना ते बघा आणि रक्कम आणि लिटर हे दोन्ही आकडे शून्यावर आले की नोझलचा खटका दाबा. टाकी भरली की खटका आपोआप सुटतो. तिथेच थांबा, वर थेंब-थेंब कोंबू नका.

पैसे द्यायच्या दोन पद्धती आहेत. काही पंपांवर आत जाऊन पंपाचा नंबर सांगायचा आणि पैसे द्यायचे. सुपरमार्केटमध्ये बहुतेक पंपांवर "पे अ‍ॅट पंप" असतं: आधी कार्ड, मग पेट्रोल. इथे नवीन माणूस गडबडतो. कार्ड घातल्यावर पंप बँकेला विचारून 100 पौंड किंवा त्याहून थोडी जास्त रक्कम राखून ठेवतो, आणि भरून झाल्यावर खरी रक्कम कापून बाकी सोडतो. पैसे बहुधा लगेच मोकळे होतात, काही बँकांना वेळ लागतो. खात्यात कमी शिल्लक असेल तर शिल्लक असेल तेवढ्याचंच पेट्रोल मिळतं. पहिला पगार यायचा असेल आणि त्याच खात्यातून भाडं जायचं असेल, तर त्या आठवड्यात आत जाऊन पैसे द्या.

आत गेल्यावर कार्ड चाललंच नाही तर गोंधळू नका. गाडीचा नंबर आणि पत्ता घेऊन एक फॉर्म भरून देतात, ठरलेल्या मुदतीत पैसे आणून द्यायचे. न सांगता निघून जाऊ नका, कॅमेऱ्यात नंबर प्लेट आलेली असते.

पॉइंट, कुपनं आणि कॉस्टको

कार्डं फुकट असतात, घेऊन ठेवा. टेस्कोचं क्लबकार्ड, सेन्सबरीजचं नेक्टर, मॉरिसन्सचं मोअर. पण पॉइंटसाठी पंप निवडू नका. सेन्सबरीजमध्ये लिटरला एक नेक्टर पॉइंट मिळतो आणि 500 पॉइंटांचे अडीच पौंड होतात, म्हणजे लिटरला अर्धा पेन्स. वरच्या 909 लिटरवर वर्षाला साडेचार पौंड. शेजारचा पंप एका पेन्सने स्वस्त असेल तर तो दुप्पट देतो.

कधीमधी ठरावीक रकमेची खरेदी केली की लिटरमागे पाच किंवा दहा पेन्स सवलतीचं कुपन येतं. तेवढा बाजार तुम्ही करणारच असाल तर उत्तम: दहा पेन्सच्या कुपनावर 40 लिटरला चार पौंड वाचतात. ते कुपन मिळावं म्हणून पंधरा पौंडांचं जास्तीचं सामान घेणं हा तोटा आहे. कुपनाची मुदत आणि एका वेळची लिटरची मर्यादा वाचून घ्या.

कॉस्टको या घाऊक दुकानाचा पंप बहुतेक वेळा सगळ्यांत स्वस्त असतो, पण फक्त सभासदांसाठी. सभासदत्वाला वार्षिक वर्गणी आहे आणि सगळ्यांना ते मिळत नाही, नोकरी-व्यवसायाच्या अटी असतात. निव्वळ पेट्रोलसाठी घेत असाल तर वर्गणी आधी भरून निघायला किती लिटर लागतील ते काढा. मोठं कुटुंब, तांदूळ-तेलाची घाऊक खरेदी आणि जवळचं गोदाम हे तिन्ही जमत असेल तर मात्र जरूर घ्या.

लांबच्या प्रवासाला निघताना

मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे वाटेतल्या थांब्यावर, चहा प्या, पाय मोकळे करा, पेट्रोल भरू नका. लिटरमागे वीस पेन्स जास्त म्हणजे एका टाकीला आठ पौंड. वर्षभर वळसे टाळून साधलेली बचत अशा चार-पाच टाक्यांमध्ये साफ होते. निघण्याआधी घरच्या स्वस्त पंपावर टाकी भरा, आणि वाटेत लागणारच असेल तर मोटरवेवरून एखाद्या मोठ्या गावाला उतरा. जंक्शनपासून मैल-दीड मैलात बरेचदा सुपरमार्केट सापडतं. हे उतरायचं ठिकाण आदल्या रात्री अ‍ॅपमध्ये बघून ठेवा, गाडी चालवताना शोधू नका.

स्कॉटलंडच्या सहलीत स्काय बेटाकडे जात असाल तर इन्व्हरनेस किंवा फोर्ट विल्यममध्ये टाकी फुल्ल करूनच पुढे निघा. डोंगराळ भागात आणि बेटांवर पंप तुरळक आहेत. काही दुर्गम भागांत सरकार लिटरमागे पाच पेन्सची सूट देतं, तरीही वाहतुकीच्या खर्चामुळे भाव चढाच असतो.

भाड्याच्या गाडीला बहुधा भरलेली टाकी देऊन भरलेलीच परत घेतात. झाकणाच्या आतल्या बाजूला इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो, तो गाडी ताब्यात घेतानाच वाचा. परत करताना विमानतळाच्या दारातल्या पंपावर भरायची वेळ येऊ देऊ नका, शेवटच्या पाच-सात मैलांतलं सुपरमार्केट आधीच हेरून ठेवा, आणि तिथली पावती गाडी ताब्यात देईपर्यंत खिशात असू द्या.